सायगोचा मित्र

कागोशिमातल्या काजिया नावाच्या एकाच आळीत, गरीब सामुराईंच्या घरी, दोन मुले वाढली. थोरला सायगो ताकामोरी, धाकटा ओकुबो तोशिमिची. लोकांचे प्रेम सायगोवर. माझे मन मात्र, का कोण जाणे, त्या अबोल ओकुबोकडेच ओढ घेते.

१८६८ साली दोघांनी मिळून शोगुनशाही उलथवली. पुढे ओकुबो इवाकुरांच्या शिष्टमंडळाबरोबर अमेरिका-युरोप पाहून आला. इंग्लंडातले कारखाने त्याच्या डोळ्यांपुढून हलेनात. १८७३ साली परतून पाहतो, तो सायगो वकील म्हणून कोरियाला जायला निघालेला! त्यातून युद्ध पेटेल, हे ओकुबोने ओळखले. आधी घर सावरू, हा त्याचा हिशेब. तो जिंकला, सायगो राजीनामा देऊन गावी गेला.

ओकुबो गृहमंत्री झाला. १८७६ साली सामुराईंच्या कमरेची तलवार गेली, पिढीजात तनखेही गेले. १८७७ साली सात्सुमा पेटला. बंडाच्या अग्रभागी सायगो, आणि त्याच्यावर फौजा धाडणाऱ्या सरकारात ओकुबो! २४ सप्टेंबरला सायगो पडला.

ओकुबोला निष्ठुर म्हणणे सोपे आहे. मला ते जमत नाही. १४ मे १८७८ रोजी टोकियोत राजवाड्याकडे निघालेली त्याची घोडागाडी सहा सामुराईंनी अडवली, आणि त्याला तिथेच ठार केले. वय अवघे सत्तेचाळीस. एवढा सत्ताधीश, मागे निघाले ते कर्ज.