पोचलं, पण वाचलं का?

राजीनाम्याचा मेल टाकला, 'रीड रिसीट' आली, आणि आठवड्यानंतर साहेब म्हणतात, "मी वाचलाच नाही!" खोटं बोलतायत? तसंच काही नाही.

आधी टपाल बघू. रजिस्टर एडीच्या पत्राला पोचपावतीचं कार्ड जोडलेलं असायचं. घेणाऱ्याची सही होऊन ते पाठवणाऱ्याकडे परत यायचं. त्यावरून एवढंच कळायचं, की पत्र हातात पडलं.

ईमेलच्या या पावतीचे नियम १९९८ मध्ये ठरले, आरएफसी २२९८ या दस्तऐवजात. त्यातला शब्द आहे 'डिस्प्लेड', म्हणजे मेल स्क्रीनवर दिसला. वाचला किंवा समजला याची हमी नाही, हे तिथेच लिहिलंय! शिवाय पावती नाकारायची मोकळीकही घेणाऱ्याला दिलीये. म्हणजे पावती आली नाही, तरी मेल वाचलेला असू शकतो.

आपला २००० सालचा माहिती तंत्रज्ञान कायदाही कलम १२ मध्ये मिळाल्याच्या पोचेबद्दलच बोलतो, वाचल्याच्या नाही.

म्हणून रजा, पगार, राजीनामा असं काही असेल, तर मेलमध्येच लिहा, 'मिळाल्याचं कृपया कळवा.' समोरच्याने स्वतः टाइप केलेलं 'मिळालं' हीच खरी पोचपावती. भेटू पुढच्या भागात!