कापडावरील साक्ष

युद्धपटांतील विमाने खरी की खोटी याविषयी पुष्कळ चर्चा होते. वैमानिकांच्या गणवेशाकडे मात्र प्रेक्षकांचे लक्ष क्वचितच जाते. वस्तुतः काळाची साक्ष तेथेच असते. विष्णूच्या चोवीस मूर्तींत आयुधे तीच. ती कोणत्या हातात आहेत एवढ्यावरून मूर्तीचे नाव बदलते, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. गणवेशाचेही तसेच आहे.

ब्रिटिश हवाई दलाचा निळसर करडा पोशाख १९१९ मध्ये आला. दुसऱ्या महायुद्धाच्या चित्रपटांत रंग व बाहीवरील हुद्द्याच्या पट्ट्या बहुधा साधतात. चूक शिरते ती टोपीवरील मुकुटात. युद्धकाळी त्या मुकुटाच्या कमानी घुमटाप्रमाणे वर उचललेल्या असत. एलिझाबेथ राणीच्या राज्यारोहणानंतर, १९५३ पासून, मध्यभागी खोलगट असलेला मुकुट रूढ झाला. पुढे १९४० चा प्रसंग उभा करताना चालू वापरातील टोप्या घेतल्या, की राजाच्या सैनिकाच्या कपाळी राणीचे चिन्ह येई. चार्ल्स राजाने २०२२ मध्ये जुन्या धर्तीचा मुकुट पुन्हा स्वीकारला. त्यामुळे आजची कोरी टोपी मागील पिढीच्या टोपीपेक्षा अधिक अस्सल दिसते, ही मौज पाहण्यासारखी आहे!

छातीवरील अर्धपंखाचेही असेच. मार्ग आखणाऱ्या अधिकाऱ्याच्या अर्धपंखात आरंभी 'ओ' अक्षर असे. 'एन' आले ते १९४२ मध्ये. १९४० च्या विमानात 'एन' दिसला, तर तो दोन वर्षे आधीच जन्मला असे समजावे. याउलट १९४१ च्या 'टार्गेट फॉर टुनाइट' या बोलपटात हवाई दलाचे खरे सैनिकच स्वतःच्या गणवेशात वावरले. म्हणून तो आज स्वतःच एक दस्तऐवज झाला आहे.

आम्हांस अधिक सलते ते निराळेच. १९४० च्या शरदात चोवीस भारतीय वैमानिक इंग्लंडात पोहोचले. त्यांपैकी महिंदरसिंग पुजी पागोटे बांधूनच लढाऊ विमान चालवीत. कानांवरील श्रवणयंत्रासाठी त्यांनी निराळा पट्टा करवून घेतला होता. विमान कोसळले असता पागोट्याच्या घड्यांनी आपले डोके वाचविले, असे ते पुढे सांगत. ब्रिटनच्या आकाशातील प्रसिद्ध लढाई ऑक्टोबर १९४० मध्ये संपली. त्या लढाईच्या चित्रपटात पागोटे नसले तर दोष देता येणार नाही, उलट ते घुसडणे हीच चूक ठरेल. परंतु १९४१ चे वैमानिक दाखविताना सर्वांनाच एका साच्याच्या टोप्या घालणे म्हणजे पुजींना त्या आकाशातून पुसून टाकणे होय.

हाच काटेकोरपणा आपण स्वतःकडेही लावावयास हवा. १९४५ मध्ये आपल्या हवाई दलास 'रॉयल' ही उपाधी मिळाली व स्वातंत्र्यानंतरही ती काही काळ टिकली. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी श्रीनगरास सैन्य उतरविण्यास आपली डाकोटा विमाने गेली, तेव्हा आपल्या वैमानिकांच्या टोपीवर मुकुटच होता. हिंदी चित्रपटाच्या दिग्दर्शकास तेथे सिंहमुद्रा लावण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे, आणि प्रेक्षकही त्यास टाळ्या देतील. तरी मुकुट उतरला तो २६ जानेवारी १९५० रोजी, प्रजासत्ताकाबरोबर.