नगरचा दुष्काळ आणि दूरचा समुद्र

दौंड-मनमाड लोहमार्ग अहमदनगरवरून (आजचे अहिल्यानगर) जातो. १८७६-७८ च्या दुष्काळात हजारो दुष्काळपीडित त्याच्या मातीकामावर राबले. १८७८ मध्ये तो सुरू झाला. पर्जन्यछायेतल्या या जिल्ह्यात पाऊस मुळातच बेताचा. तो का हुकतो, हे तेव्हा कोणालाच सांगता येत नव्हते.

भारतीय हवामान खाते १८७५ साली स्थापन झाले होते. १८७७ मध्ये हवेचा दाब भारताबाहेरही दूरवर चढलेला आहे, असे खात्याचे प्रमुख ब्लॅनफर्ड यांना आढळले. १९०४ मध्ये त्या पदावर आलेल्या गिल्बर्ट वॉकर यांनी जगभरच्या नोंदी ताडून पाहिल्या. प्रशांत महासागरावर दाब वाढला की हिंदी महासागराकडे तो उतरतो, आणि उलटही घडते, हा झोका त्यांनी दाखवला.

पण झोका हलवतो कोण? १९६९ मध्ये जेकब बियर्कनेस यांनी त्याचा संबंध समुद्राच्या तापमानाशी जोडला. एल निनोच्या काळात प्रशांतातले उबदार पाणी पूर्वेकडे सरकते. वर चढणारी हवाही त्याबरोबर सरकते, भारतावर हवा खाली उतरू लागते आणि ढग वाढत नाहीत. १८७७ आणि १९७२ ही दोन्ही एल निनोची वर्षे होती.

समुद्रात एवढे बळ कोठून येते? पाणी भरलेला फुगा मेणबत्तीवर धरा. तो सहसा फुटत नाही, कारण पाणी उष्णता शोषून घेते. संपूर्ण वातावरण एक अंशाने तापवायला जेवढी उष्णता लागते, तेवढीच समुद्राच्या वरच्या सुमारे तीन मीटर थराला लागते. जागतिक तापमानवाढीतली ९० टक्क्यांहून अधिक जादा उष्णता समुद्रातच साठते आहे. तापलेला वरचा थर हलका होतो आणि खालच्या थंड पाण्यात सहज मिसळत नाही.

याचा परिणाम मान्सूनवर काय होईल? १९९७ मध्ये प्रबळ एल निनो असूनही देशात पाऊस सरासरीइतका पडला. हिंदी महासागराचेही स्वतःचे म्हणणे असते, हे तेव्हापासून अधिक ध्यानात आले. हा महासागर तापल्याने जमीन व समुद्र यांच्या तापमानातील तफावत घटते आणि मान्सून दुबळा होऊ शकतो, असे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०१५ मध्ये दाखवले.

पेरणीचा निर्णय अंदाजावर टेकलेला असतो. आणि जुन्या नोंदींवरून बसवलेले नियम तापत्या समुद्राला जसेच्या तसे लागू पडतीलच असे नाही. म्हणून ‘एल निनो म्हणजे दुष्काळ’ असे समीकरण फळ्यावर लिहू नये, असे आम्हांला वाटते. त्याऐवजी आपल्या तालुक्याच्या पावसाच्या नोंदी मुलांपुढे ठेवाव्यात आणि एल निनोची वर्षे त्यांनाच ताडून पाहू द्यावीत. वॉकर यांनी तरी वेगळे काय केले होते?