दुर्बिणीचा सारथी

दुर्बिणीनें मनुष्याला दूरचें जवळ आणून दिलें. पण त्याबरोबर एक अडचणही आणली. आकाशांतील वस्तु जितकी अधिक मोठी करून पाहावी, तितकी ती लवकर दृष्टीआड होते. पृथ्वी आपल्या आंसाभोवतीं २३ तास ५६ मिनिटांत एक फेरी पुरी करते. त्यामुळें आकाश दर चार मिनिटांस सुमारें एक अंश पश्चिमेकडे सरकतें. साध्या डोळ्यांना ही गति जाणवत नाहीं. परंतु दुर्बिणींतून अर्ध्या अंशाएवढाच आकाशाचा तुकडा दिसत असेल, तर विषुववृत्तावरील तारा त्याच्या एका कांठापासून दुसऱ्या कांठापर्यंत दोन मिनिटांत जाऊन नाहींसा होतो. म्हणून दुर्बिणीचा इतिहास हा जसा भिंगांचा आणि आरशांचा, तसाच तो या निसटत्या आकाशाच्या पाठलागाचाही इतिहास आहे.

इ. स. १६१० मध्यें गॅलिलिओनें गुरूचे चंद्र पाहिले, तेव्हां हा पाठलाग हातानेंच चाले. घड्याळाच्या यंत्रानें उपकरण फिरवावें ही कल्पना रॉबर्ट हूकनें १६७४ मध्यें मांडली. परंतु ती पूर्णत्वास नेली ती फ्राउनहोफर या जर्मन कारागिरानें. १८२४ मध्यें त्याची साडेनऊ इंची दुर्बीण दोर्पात, म्हणजे आजच्या एस्टोनियांतील तार्तू, येथील वेधशाळेंत उभी राहिली. तिचा एक आंस पृथ्वीच्या आंसाशीं समांतर ठेवलेला होता. खालीं उतरणाऱ्या वजनाच्या जोरावर यंत्र चाले आणि दुर्बीण त्या एकाच आंसाभोवतीं संथपणें वळे. तारा मग जागच्या जागीं खिळल्यासारखा दिसे. या सोयीच्या बळावर स्ट्रूव्ह या ज्योतिर्विदानें जोडताऱ्यांची जी यादी १८२७ मध्यें प्रसिद्ध केली, तींत तीन हजारांहून अधिक जोडतारे आहेत.

मोठी दुर्बीण ही मात्र राजेरजवाड्यांच्या व संस्थांच्या ऐपतीची गोष्ट राहिली. पुण्यास भावनगरच्या महाराजांच्या देणगींतून तख्तसिंगजी वेधशाळा १८८८ मध्यें निघाली. तेथील वीस इंची दुर्बिणीवर प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला काम करीत. १९१२ मध्यें ते निवृत्त झाले, वेधशाळा बंद पडली आणि ती दुर्बीण कोडाईकनालला गेली.

शिवाय घड्याळ ताऱ्याचा पाठलाग करी. तारा शोधून देत नसे. शार्ल मेसिएनें १७८१ पर्यंत १०३ अंधुक ज्योतींची यादी केली. त्यांतील एकादी ज्योत पाहावयाची, तर हौशी निरीक्षकाला ओळखीच्या ताऱ्यापासून आरंभ करून नकाशाच्या आधारें एकेक तारा ओलांडीत जावें लागे. अशा खटपटींत तास दोन तास जात. पण तेवढ्यांत आकाशाचा तो भाग पाठ होऊन जाई.

संगणक आल्यावर हें चित्र पालटलें. काकेशस पर्वतावरील सहा मीटरची दुर्बीण १९७५ मध्यें सुरू झाली. तिला पृथ्वीच्या आंसाशीं समांतर आंस नव्हता. तोफेप्रमाणें ती आडवी आणि उभी वळे. अशा रचनेंत दोन्ही गति क्षणोक्षणीं बदलाव्या लागतात. हा हिशेब संगणकानें आपल्या अंगावर घेतला. पुढें हीच युक्ति हौशी लोकांच्या हातीं आली. सेलेस्ट्रॉन कंपनीची कॉम्प्युस्टार १९८७ मध्यें व मीड कंपनीची एलएक्स-२०० ही दुर्बीण १९९२ मध्यें बाजारांत आली. एलएक्स-२०० ला तारेनें बाहेरचा संगणक जोडतां येई. आज लॅपटॉपच्या पडद्यावरील नकाशांत एकादी ज्योत निवडली, कीं तिचे विषुवांश आणि क्रांति दुर्बिणीकडे जातात. दुर्बीण आपल्या मोटारींनीं तिकडे वळते आणि आपण कोठें रोखलेलों आहों, हेंही उलट कळविते.

या सोयीवर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो पोकळ नाहीं. ज्याला वाट शोधावी लागत नाहीं, त्याला मुलुखाची ओळख कशी होणार? पण शहरांतील मनुष्याची अडचणही खरी आहे. दिव्यांच्या उजेडांत वाटेवरचे अंधुक तारेच दिसत नाहींत. मग ओलांडावें तरी काय? स्वरमंडळांतील कंकणाकृति तेजोमेघ शहराच्या गच्चीवरून दुर्बिणींत दिसूं शकतो, परंतु तो सांपडला तर! तेथें लॅपटॉप हा चैनीचा विषय राहत नाहीं. मावळलेलें आकाश परत मिळविण्याचें तें साधन होतें.

शिवाय हा सारथी जन्मतः आंधळा आहे. वेळ आणि स्थळ त्याला ठाऊक असलें, तरी दुर्बीण कशी उभी आहे हें त्याला कळत नाहीं. म्हणून बहुतेक दुर्बिणींना रात्रीच्या आरंभीं दोन ओळखीचे तारे, समजा स्वाती आणि अभिजित, मनुष्यानें दाखवावे लागतात. स्वातीच्या ठिकाणीं चित्रा दाखविली, तर पुढचा सगळा शोध चुकतो. आतां कांहीं यंत्रें छायाचित्र घेऊन, ताऱ्यांच्या आकृति ताडून, हीही ओळख आपली आपण पटवितात. तेव्हां आकाश ओळखण्याची सक्ति यापुढें उरणार नाहीं. उरेल ती आवड. जिच्या घरीं ही दुर्बीण आहे त्या मुलीनें एकदां तरी लॅपटॉप मिटून, सप्तर्षींच्या शेपटीची वांकडी रेघ पुढें वाढवीत स्वातीपर्यंत स्वतः जावें. तेवढें अंतर चालून गेलेल्यालाच पुढचा लांबचा प्रवास यंत्राच्या रथांतून करण्यांत गोडी आहे.