बीड, बीड, लिंबागणेश

पावसाच्या आकड्यांच्या डॅशबोर्डवर भालचंद्र गणपतीचं लिंबागणेश गाठायचं, तर चार रकाने ओलांडावे लागतात. विभाग छत्रपती संभाजीनगर, जिल्हा बीड, तालुका पुन्हा बीड, मंडळ लिंबागणेश. वरचं निवडल्याशिवाय खालची यादी उघडत नाही. जिल्हा बीड, तालुका बीड, शहरही बीड. आणि लिंबागणेश हे गाव आहे तसं महसूल मंडळही आहे. रकाना न बघता नुसत्या नावावर फिल्टर लावला, तर जिल्ह्यातल्या अकरा तालुक्यांचा पाऊस एकट्या बीड तालुक्याच्या खाती पडायला वेळ लागत नाही.

ही उतरंड कुणा सॉफ्टवेअरवाल्याच्या डोक्यातून आलेली नाही. ती महसुली दप्तरातून उचललेली आहे. पहिल्या सालारजंगानं १८६५ मध्ये निजामाच्या मुलखात जिल्हाबंदी केली, वसुलीची मक्तेदारी मोडून पगारी अंमलदार नेमले, आणि कागदानं वर कसं चढायचं ते ठरून गेलं. गाव आणि तालुका यांच्या मधला दुवा म्हणजे गिरदावर, आजचा मंडळ अधिकारी. १९४८ मध्ये निजाम गेला, १९५६ मध्ये बीड मुंबई राज्यात आलं, १९६० मध्ये महाराष्ट्रात. राज्यं बदलली, कागदाची वाट तीच राहिली. डॅशबोर्डचे चार रकाने त्याच वाटेनं खाली उतरतात, इतकंच.

पण हे झालं फिल्टरचं एक कूळ. दुसरं कूळ मोजणी करणाऱ्यांचं. त्यांची अडचण निराळी होती: ढीग एकच, प्रश्न मात्र पन्नास. विधवा किती, त्यांतल्या वीस वर्षांखालच्या किती, त्यांतल्या अमुक धर्माच्या किती? दर प्रश्नाला नवी वही कोण लिहिणार? १९०१ च्या हिंदुस्थानच्या जनगणनेत यावर चिठ्ठीची पद्धत आली. माणशी एक चिठ्ठी. धर्मानुसार कागदाचा रंग वेगळा. स्त्री की पुरुष, लग्न झालंय की नाही, हे चिठ्ठीवरच्या खुणेवरून कळे. कारकून चिठ्ठ्या खणाखणांत टाकत जाई आणि शेवटी खण मोजी. माझ्या मते आपल्याकडचा खरा पहिला फिल्टर हाच. वीज नाही, यंत्र नाही, नुसता रंग आणि खूण.

अमेरिकेत हर्मन हॉलरिथनं हे काम त्याआधीच, १८९० च्या जनगणनेत, यंत्राला लावलं होतं. त्याच्या यंत्रात भोकं पाडलेलं कार्ड ठेवून वरून पिनांची पट्टी दाबायची. जिथे भोक असेल तिथली पिन आरपार जाऊन खालच्या पाऱ्याच्या वाटीत बुडे, विजेचं वर्तुळ पुरं होई, काटा एक घर पुढे सरके आणि शेजारच्या पेटीतल्या एका खणाचं झाकण टपकन उघडे. कार्ड त्या खणात टाकायचं, दुसरं घ्यायचं. दोन भोकं एकदम असतील तरच मोज, अशी जोडणीही करता येई. आज आपण दोन अटींच्या मध्ये ‘आणि’ ठेवतो, तेच काम त्या तारा करत.

रंगाची चिठ्ठी असो की भोकाचं कार्ड, दोघांची मर्यादा एकच. मोजताना जे विचारलं नाही, ते नंतर चाळून निघत नाही. जनगणनेतून सगळ्या जातींचे आकडे शेवटचे जाहीर झाले ते १९३१ चे. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीला मराठवाड्यातल्या कुणबी नोंदींसाठी जुनी मोडी आणि उर्दू दप्तरं धुंडाळावी लागली. रकाना नसेल तर बटणही नाही. पानं उलटत बसायचं.

या दोन कुळांची गाठ घालून देणारा माणूस आपल्याच देशातला. मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल शि. रा. रंगनाथन मूळचे गणिताचे अध्यापक. तोवरची ग्रंथालयं पुस्तकांना जिल्हा-तालुक्यासारखीच वागवत: एक फांदी, तिची उपफांदी, आणि तिथेच पुस्तकाचं कायमचं घर. मग मराठवाड्यातल्या कापसावरच्या रोगाचं पुस्तक शेतीत ठेवायचं, वनस्पतिशास्त्रात की प्रदेशात? लंडनच्या एका दुकानात मेकॅनोचा संच पाहून त्यांना उत्तर सुचलं, असं सांगतात. १९३३ च्या त्यांच्या द्विबिंदू वर्गीकरणात विषय सुटे करून जोडता येतात: पीक एक पैलू, रोग दुसरा, जागा तिसरा, काळ चौथा. कुठूनही शिरा. खरेदीच्या ॲपवर रंग, माप आणि किंमत आपण हव्या त्या क्रमानं निवडतो, ती रीत याच विचाराची. पावसाच्या डॅशबोर्डवर मात्र जागेसाठी अजून महसुली फांदीच धरावी लागते, आणि तारखेसाठी पैलू. दोन्ही कुळं एकाच पडद्यावर नांदतात.

पुढचं भराभर सांगता येईल. १९७० मध्ये संगणकशास्त्रज्ञ कॉडनं माहिती तक्त्यांत मांडायचा सिद्धांत दिला, १९७४ मध्ये चेंबरलिन आणि बॉइस यांनी अट लिहायची भाषा दिली. १९९२ च्या सुमारास मेरीलँडच्या बेन श्नायडरमननं पडद्यावर सरकपट्टी आणली: ती सरकवली की नकाशावरची अटीत न बसणारी घरं लगेच गायब. लिहायची अट बोटावर आली ती तेव्हा.

आता लिंबागणेश मंडळाचा फिल्टर लावू. २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस म्हणजे अतिवृष्टी. पण पावसाचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होतो. पहाटेपासून दुपारपर्यंत ८० मिलिमीटर कोसळला, निम्मा साडेआठच्या आधी आणि निम्मा नंतर, तर तक्त्यात चाळीस-चाळीसच्या दोन ओळी दिसतात आणि ६५ च्या फिल्टरमधून एकही वर येत नाही. रान वाहून गेलं, तरी नोंद कोरडीच म्हणायची!

उलट बाजू पावसाच्या खंडाची. २०२३ च्या खरिपात ऑगस्ट कोरडा गेला, तेव्हा पीक विम्याच्या २५ टक्के आगाऊ रकमेसाठी सलग २१ दिवसांचा खंड मंडळवार पाहिला गेला. हवामान खात्याच्या लेखी २.५ मिलिमीटर किंवा जास्त पडला तरच तो पावसाचा दिवस. म्हणून ‘२.५ पेक्षा कमी’ असा फिल्टर लावायचा आणि दिवस मोजायचे. सोपं वाटतं. पण एखाद्या दिवशी पाऊस मोजणारं केंद्र बंद असेल तर रकाना रिकामा राहतो, आणि रिकामा म्हणजे शून्य नव्हे. तक्त्याच्या भाषेत तो कमीतही बसत नाही, जास्तीतही नाही. दोन्ही फिल्टरांतून ती ओळ मुकाट गळते आणि एकवीसचे वीस होतात.

म्हणून फिल्टर बसवताना तीन गोष्टी कराव्यात. नावाऐवजी कोड धरायचा, कारण इंग्रजीत जनगणना बीडमध्ये एक ‘आय’ लिहिते, बाकीचे दोन ‘ई’ लिहितात, आणि इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरमध्ये तर ते ‘भीर’ आहे; २०११ च्या जनगणनेचा ५२३ मात्र ५२३ च राहतो. लावलेल्या अटी पडद्यावर वरच्या बाजूला उघड दिसू द्यायच्या. आणि ‘कमी’, ‘जास्त’ यांच्या शेजारी ‘नोंद नाही’ असा तिसरा चौकोन ठेवायचा, आणि तो आधीपासूनच टिक केलेला ठेवायचा.