उत्सर्ग-अपवाद न्याय

सामान्य नियम (उत्सर्ग) व विशेष नियम (अपवाद) एकाच बाबीला लागू होत असल्यास विशेष नियम बलवान मानणारे अर्थनिर्णयाचे तत्त्व.

उगम : संस्कृत व्याकरण व पूर्वमीमांसा (पहा : मीमांसा) यांत ते विकसित झाले. पतंजलीच्या महाभाष्यातील उदाहरणावरून त्यास ‘तक्रकौंडिण्य न्याय’ असेही म्हणतात : ब्राह्मणांना दही व कौंडिण्याला ताक द्यावे असे सांगितल्यास, कौंडिण्य ब्राह्मण असूनही त्यास दही मिळत नाही, ताकच मिळते.

वैशिष्ट्ये : अपवादाने उत्सर्ग रद्द होत नाही, त्याचे क्षेत्र तेवढे आकुंचित होते, उरलेल्या क्षेत्रात तो अबाधित राहतो.

महत्त्व : विशेष कायदा व सर्वसाधारण कायदा यांतील विरोध आधुनिक न्यायालये याच धर्तीवर सोडवतात (पहा : विधिनिर्वचन). या विषयाच्या अभ्यासाचे पुणे हे एक केंद्र होय. येथील भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने (स्थापना १९१७) पां. वा. काणे यांचा धर्मशास्त्राचा इतिहास (१९३०–६२) व का. वा. अभ्यंकर संपादित परिभाषासंग्रह (१९६७) प्रसिद्ध केला. काणे यांच्या ग्रंथाच्या पाचव्या खंडात मीमांसा व धर्मशास्त्र यांच्या संबंधाचे विवेचन आहे (पहा : काणे, पांडुरंग वामन).