बसऱ्याला गेलेल्या आपल्या माणसांचा शोध

वसई-विरार पट्ट्यातल्या आपल्या कोणत्याही वस्तीत जा, साठी ओलांडलेल्या माणसाजवळ घटकाभर बसा, एक वाक्य हमखास कानी पडते : "आमचे पणजोबा मिलिट्रीत होते." कुणी सुभेदार म्हणतो, कुणी हवालदार म्हणतो. हमाल होते, मजूर होते असे सांगणारा विरळा. आणि पुढचे वाक्यही बहुतेक ठरलेले : "लामावर गेले ते परत आलेच नाहीत." कोणत्या लामावर, कोणत्या साली, कुठल्या पलटणीत, असे विचारले की माणूस गप्प होतो. महाड, मंडणगड, दापोली, सातारा इकडून आधी मुंबईच्या चाळीत आणि तिथून नालासोपारा-विरारला, अशी दोन बिऱ्हाडे बदलताना पत्र्याच्या ट्रंका भंगारात गेल्या आणि त्यांच्याबरोबर कागदही गेले. म्हणून विहाराच्या वर्धापनदिनाच्या या स्मरणिकेत हा विषय घ्यावा असे आम्हांस वाटले.

आपल्या समाजाचे आणि लष्कराचे नाते जुने आहे. कोरेगावची १ जानेवारी १८१८ ची लढाई सर्वांना ठाऊक आहे. तिथल्या स्तंभावर नावाच्या शेवटी 'नाक' असलेली बावीस नावे आहेत. १९२७ च्या १ जानेवारीला बाबासाहेब तिथे गेले होते. आपल्या जुन्या ठाणे जिल्ह्यापुरते बोलायचे तर बाबासाहेबांच्या मातोश्री भीमाबाई ह्या मुरबाडकरांच्या कन्या. त्यांचे वडील लष्करात सुभेदार मेजर होते. रामजी सुभेदार तर लष्करी शाळेत मुख्याध्यापकच होते. पलटणीत शिपायाच्या पोराला शाळा सक्तीची होती. गावात ज्याला शाळेच्या पायरीवर बसू देत नसत, त्याला छावणीत पाटी-पेन्सिल मिळत होती. आपल्या अहिंसेच्या धम्मात शिपायाचे कौतुक कशाला, असे काही तरुण विचारतात. त्यांनी ही पाटी-पेन्सिल ध्यानात घ्यावी.

मग १८९३ च्या सुमारास इंग्रज सरकारने महारांची भरती बंद केली. लढाऊ जात, बिनलढाऊ जात असे वर्गीकरण पुढे आले आणि ज्यांच्या जिवावर कंपनीने राज्य मिळवले त्यांनाच बाहेरचा रस्ता दाखवला. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर हे स्वतः पेन्शनर. त्यांनी १८९४ साली याविरुद्ध अर्ज तयार केला. १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांनी पुन्हा मागणी केली. सरकारला जाग आली ती महायुद्धात माणूस कमी पडू लागल्यावर. जून १९१७ मध्ये '१११ वी महार' ही पलटण उभी राहिली. तिला लढाईत फारसे उतरावे लागले नाही. १९२० साली ती ७१ व्या पंजाबी पलटणीत मिसळली आणि मार्च १९२१ मध्ये मोडून टाकली. कामापुरता मामा म्हणतात तो हाच!

शोध घेणाराने ही दोन साले पक्की धरावीत, १८९३ आणि १९१७. आपला पूर्वज १९१४ ते १९१६ ह्या काळात बसऱ्याला गेला असे घरात सांगत असतील, तर तो बंदूकधारी शिपाई असण्याचा संभव फार कमी. त्या काळी मेसोपोटेमियात १०३, ११० आणि ११७ ह्या मराठा पलटणी लढत होत्या. पण पलटणीबरोबर पाणके, खेचरवाले, डोलीवाले, झाडूवाले, स्वयंपाकी असा मोठा तांडा जाई. लष्करी भाषेत त्यांना 'फॉलोअर' म्हणत. पुढे १९१६ पासून मजूर आणि हमाल यांच्या वेगळ्या तुकड्या तिकडे धाडल्या. बंदरात जहाजे रिकामी करणे, रूळ टाकणे, बांध घालणे ही त्यांची कामे. २९ एप्रिल १९१६ ला कुत-अल-अमारा पडले आणि सुमारे १३ हजार माणूस तुर्कांच्या हाती लागले. त्यात हे फॉलोअरही हजारांनी होते. गोळीपेक्षा जास्त माणसे रोगाने गेली. कॉलरा, ताप, उन्हाचा तडाखा, शिवाय भाजीपाला नसल्याने हिरड्या सुजून रक्त येणारा स्कर्व्ही. दवाखान्यांचे इतके हाल होते की विलायतेत चौकशी बसली. १९१७ साली तिचा अहवाल आला आणि भारतमंत्री चेंबरलेन यांना राजीनामा द्यावा लागला.

आता आमच्या घरातलेच सांगतो, कारण शोध कसा चालतो हे त्याशिवाय कळायचे नाही. आमचे पणजोबा महाड तालुक्यातले. ते लामावर गेले तेव्हा आमचे आजोबा पोटात होते. साल कुणाला माहीत नव्हते. पण आजोबा मानमोडीच्या साथीत दीड वर्षाचे होते, हे पणजी नेहमी सांगायची. मानमोडी आली १९१८ च्या पावसाळ्याअखेर. म्हणजे आजोबांचा जन्म १९१७ च्या आरंभीचा आणि पणजोबा गेले ते १९१६ च्या उत्तरार्धात किंवा त्यानंतर लगेच. १११ वी महार पलटण तेव्हा जन्मलीच नव्हती. घरात मात्र "महार पलटणीत हवालदार" असे पक्के झालेले. आम्ही हा हिशेब मांडला तेव्हा आमच्या एका काकांना राग आला. "सुभेदार-हवालदार नव्हते म्हणता, मग काय होते?"

उत्तर मिळाले ते पदकावरून. लढाई संपल्यावर चार-पाच वर्षांनी पोस्टाने एक पदक घरी आले होते. एका बाजूला पंचम जॉर्जचे डोके, दुसऱ्या बाजूला उघडा घोडेस्वार. ते पितळी भांड्याच्या रंगाचे असल्यामुळे वाचले, चांदीचे असते तर कधीच सोनाराकडे गेले असते. आणि गोम तीच आहे. हे पदक लढणाऱ्या शिपायाला चांदीचे मिळे, मजूर तुकडीतल्या माणसाला काशाचे. आपल्या घरी असे पदक असेल तर उजेडात धरून त्याची कड फिरवून पाहा. कडेवर नंबर, नाव आणि तुकडी ठोकलेली असते. आमच्या पणजीने दर दिवाळीला चिंच आणि राख लावून ते घासले. नाव राहिले, मजूर तुकडीची अक्षरे राहिली, पण नंबरातले शेवटचे दोन आकडे झिजून गेले.

ते पार्सल आले तेव्हा पणजीने काय समजावे? "त्यांनी धाडलंय." म्हणजे माणूस जिवंत आहे! मेलेल्याचे पदकही वारसाला धाडतात हे तिला कोण सांगणार? तिने कुंकू पुसले नाही, शेवटपर्यंत नाही. भावकीतले लोक मागून म्हणत, "बसऱ्याला दुसरं घर केलंन त्यानं." आजोबांनी ते ऐकत जन्म काढला. बापाचे नाव निघाले की ते उठून बाहेर जात.

मृत सैनिकांच्या नोंदी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन ही १९१७ साली स्थापन झालेली संस्था ठेवते. तिची यादी आता संगणकावर कुणालाही पाहता येते. पहिल्या युद्धासाठी ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ आणि दुसऱ्यासाठी ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ ह्या मुदतीत सेवेत असताना मेलेल्यांची नावे तीत घेतात. पुष्कळ नोंदींत बापाचे नाव, गाव आणि जिल्हा असतो. मात्र आजची नावे घालून शोधू नका. रायगड शोधाल तर सापडणार नाही, तो १९८१ पर्यंत कुलाबा होता. आपला पालघर जिल्हा तर २०१४ चा. वसईच्या माणसाने बसीन आणि ठाणा असे इंग्रजी रूप धरून पाहावे. आडनावावर तर मुळीच विसंबू नये. यादीत माणसाचे नाव आणि बापाचे नाव असते. आडनाव लावण्याची चाल आपल्यात पुढे वाढली, आणि १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर तर कित्येकांनी जुने टाकून नवे घेतले. तेव्हा घरातल्या म्हाताऱ्या बायकांना विचारा. बाप्ये हुद्दा लक्षात ठेवतात, नाती बायकांनाच ठाऊक असतात.

आम्ही शोधले तेव्हा नाव, तुकडी आणि उरलेले आकडे जुळणारी दोन माणसे निघाली. एक १९१७ च्या जुलैत गेला, दुसरा पुढल्या वर्षी. पहिल्याचा जिल्हा कुलाबा लिहिला आहे, दुसऱ्याचा लिहिलेलाच नाही. आमचे मत पहिल्याकडे झुकते, पण झिजलेले दोन आकडे मिळाल्यावाचून शपथेवर सांगता येणार नाही. दुसऱ्या घराची गोष्ट मात्र आम्ही आता मानीत नाही. ज्या काकांना राग आला होता, तेच म्हणाले, "हमाल तर हमाल. पळून नव्हता गेला." ह्या वर्षी जुलैत आम्ही विहारात त्यांच्या नावे पुण्यानुमोदन केले. शंभरावर वर्षांनी.

बसऱ्याच्या स्मारकावर चाळीस हजारांवर मृतांची नोंद आहे. १९२९ साली ते उभे राहिले. त्यावर गोऱ्या शिपायांची नावे कोरली. हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली. साध्या हिंदी शिपायाचा मात्र फक्त आकडा, अमुक पलटणीचे इतके! मरणातही पंगत वेगळीच. २०२१ साली ह्या संस्थेनेच अहवाल काढून हा भेदभाव कबूल केला. निदान १ लाख १६ हजार माणसांची, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत, नावाने किंवा अजिबातच नोंद झाली नाही, असे त्यात म्हटले आहे. त्यांत आफ्रिकेतले आणि मध्यपूर्वेतले मजूर-हमाल फार. तेव्हा यादीत नाव नाही याचा अर्थ माणूस गेलाच नव्हता असा करू नये.

दुसऱ्या युद्धातला शोध त्या मानाने सोपा. जुलै १९४१ मध्ये बाबासाहेब संरक्षण सल्लागार समितीवर गेले आणि १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. दुसरी कामठीला. ही दुसरी ब्रह्मदेशात होती. रेजिमेंटचे केंद्र आता मध्य प्रदेशात सागर येथे आहे. ब्रह्मदेशात गेलेल्या ज्यांची समाधी नाही अशा सुमारे २७ हजारांची नावे रंगूनजवळ ताउक्यान येथे कोरली आहेत. तिथे शिपायाचेही नाव आहे. समाधी नाही म्हणून कमीपणा मानायचे कारण नाही. माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला इटलीत पडले, त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, आणि त्यांचीही समाधी नाही. नाव कॅसिनोच्या स्मारकावर आहे.

आपल्या उपासक-उपासिकांपैकी ज्यांच्या घरातून कोणी लामावर गेले असेल त्यांच्यासाठी विहारात एक वही केली आहे. तीत पूर्वजाचे नाव, त्यांच्या बापाचे नाव, पत्नीचे नाव, मूळ गाव व तालुका, आणि मानमोडी किंवा दुष्काळ अशा कोणत्या तरी ओळखीच्या गोष्टीच्या आधी गेले की नंतर, एवढे लिहावे. हुद्दा आठवत नसेल तर जागा कोरी ठेवावी, अंदाजाने सुभेदार लिहू नये. पदक असल्यास घासू नका, तसेच घेऊन या. वही कपाटात असते, रविवारी वंदनेनंतर मागून घ्यावी.